अक्काच्या वजनाची चाकं

“अजून एक रवा घाल,” दस्तगीर म्हणाला.

“बास झाले तीन,” अंबादास म्हणाला.

“लेका, अक्कांना मी लहानपणापासनं बघतोय.”

“मग मी काय परका हाय? तीन म्हंजे तीन.”

दस्तगीरनं हातातला पाना खाली ठेवला आणि नुसती मान हलवली. उद्यमनगरातल्या त्याच्या शेडमध्ये अंबादासची हिरवीगार फियाट उभी होती. तिच्या मागच्या सीटवर, डाव्या अंगाला, शाहूपुरीच्या बाजारातनं आणलेले गुळाचे तीन रवे एकावर एक रचले होते. एकेक रवा तीस किलोचा, वर कापड गुंडाळलेला. कुणी बाहेरून डोकावलं असतं, तर या दोघांनी गुळाला फिरायला न्यायचं ठरवलंय की काय, असंच त्याला वाटलं असतं. पण ते रवे म्हणजे गूळ नव्हता. ती अंबादासची थोरली बहीण होती.

आता गंमत बघा. हा अंबादास कसबा बावड्याच्या साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून. हंगामात उसाच्या गाड्यांची रांग लागली की काट्यावर चढायच्या आधीच गाडीकडे एक नजर टाकून तो वजन सांगायचा, आणि काटा त्याच्या मागोमाग तेच बोलायचा. गाडीवान चहाची पैज लावायचे आणि मुकाट्यानं चहा पाजायचे. सगळ्या बावड्यात ज्याच्या नजरेला तोड नव्हती, त्या माणसाला स्वतःच्या बहिणीचं वजन सांगता येईना! सांगता येत नव्हतं असं नाही. त्याला ते तोंडावर आणायचं नव्हतं. खात्यापित्या माणसाचं वजन बोलून दाखवू नये, दृष्ट लागते, हे त्याला अक्कानंच शिकवलं होतं. आई गेली तेव्हा तो शर्टाची बटणं उलटसुलट लावायच्या वयाचा. अक्का नवऱ्यामागं माहेरी परत आली होती, तिनंच त्याला वाढवला, शिकवला, बोहल्यावर चढवला. अशा बाईला चार रव्यांची म्हणायचं? त्याची जीभच वळेना.

सगळं सुरू झालं ते गाडीच्या हौसेपायी. अंबादासनं पंच्याहत्तर साली एका डॉक्टरांची जुनी फियाट घेतली. मंगळवार पेठेतून बावड्याला तो रोज तीच घेऊन जायचा, जाता जाता बायकोला, सरोजिनीला, तिच्या शाळेपाशी सोडायचा. एवढ्यावर भागलं असतं. पण एकदा गावात सिनेमाचं शूटिंग आलं आणि त्या लोकांबरोबर मुंबईची एक पांढरी गाडी आली. काय तिची बसण! पोट जमिनीला टेकतंय की काय असं वाटावं, आणि चाकं मडगार्डाच्या बाहेर छाती काढून उभी. अंबादास त्या गाडीभोवती तीन फेऱ्या मारून आला आणि त्या दिवशी जेवताना त्यानं दोनदा आमटीऐवजी पाणीच भातावर ओतलं.

दस्तगीर त्याच्या मराठी शाळेतला वर्गमित्र. गाड्यांची चाकं, रिमा, पाटे यांत त्याचा हात धरणारा कोल्हापुरात दुसरा नव्हता. त्यानं पुढच्या स्प्रिंगांचा एकेक वेढा कापला, मागचे स्प्रिंगांचे पाटे ठोकून सपाट केले आणि गाडी खाली बसवली. मग रिमा मधोमध कापल्या, आत लोखंडी पट्टी भरली, जोड असा मारला की बोट फिरवून कळू नये, आणि त्यांवर जाड टायर चढवली. गाडी शेडच्या बाहेर आली तेव्हा समोरच्या फाउंड्रीतली माणसं काम टाकून बघायला आली. पेठेत तिचं नाव पडलं ‘बसकी’. “बसकी आली” म्हटलं की पोरं कट्ट्यावरून उठायची.

आणि सगळ्यांत जास्त मिरवलं कुणी? अक्कानं! नळावर, देवळात, पिठाच्या गिरणीत, जिथं चार बायका भेटतील तिथं “आमच्या अंबादासची गाडी” सुरू. मागच्या सीटवर डाव्या खिडकीशी तिची जागा. काच खाली, कोपर बाहेर, आणि वाटेत दिसेल त्याची विचारपूस. गाडी बसकी असल्यामुळं तिच्या दुखऱ्या गुडघ्यांना चढायला सोपी पडायची, हा आणखी एक फायदा.

पण गाडीत माणसं बसली की गाडी आणखी खाली जाते, आणि जाड टायर बाहेर आलेलं असलं की मडगार्डाची कड त्याच्यावर टेकते. एकटा अंबादास असला तर काही नाही. अक्का बसली की खड्ड्यात डावं मागचं चाक घर्र करायचं. पहिल्यांदा सगळे हसले. पुढं अंबादास खड्डा बघून गाडी कडेनं काढायला शिकला. आणि मग गेल्या वर्षीची दत्तजयंती आली.

नृसिंहवाडीला निघाले होते. शिरोळच्या पुढं रस्त्याखालची एक मोरी खचलेली. अंबादासनं गाडी थांबवली, खाली उतरून बघितलं आणि मागचं दार उघडून म्हणाला, “अक्का, जरा उतरतीस काय? चाक घासायलंय.” अक्का उतरली. मागं यात्रेकरूंनी भरलेली एसटी अडकली होती. खिडकीतून कुणीतरी ओरडलं, “अहो पावणं, आजीला कशाला उतरवताय? गाडीलाच खांद्यावर घ्या की!” अख्खी एसटी हसली. अक्का लुगडं सावरत मोरी चालून गेली. पलीकडं जाऊन थांबली. अंबादास गाडी काढून आला, पण अक्का म्हणाली, “तुमी व्हा पुढं, मी एसटीनं येतो.” आणि खरंच कंडक्टरनं दार उघडलं तशी चढून गेली. परत आली तीही एसटीनंच. त्यानंतर वर्षभर ती गाडीत बसली नाही. रागावली नाही, बोलणं सोडलं नाही, जेवायला वाढताना हात आखडला नाही. “चल अक्का, सोडतो” म्हटलं की म्हणायची, “नको, माझं काय अडलंय?” आणि सुजलेले गुडघे घेऊन स्टँडवर रांगेत उभी राहायची.

हे अंबादासच्या काळजाला लागलं होतं. यंदाच्या दत्तजयंतीला अक्का त्या डाव्या खिडकीशी बसली पाहिजे आणि चाकाचा आवाज येता कामा नये, एवढंच त्याला हवं होतं. गाडी परत उंच करायची मात्र त्याची तयारी नव्हती. “गाडी वर करायची तर इकून टाकतो,” तो दस्तगीरला म्हणाला होता.

दस्तगीरनं आधी हेराल्ड गाडीची लहान चाकं बसवून बघितली. वर मडगार्डात जागा भरपूर झाली, पण गाडीच आणखी खाली आली आणि शेडच्या उंबऱ्यालाच सायलेन्सर आपटला. ती चाकं निघाली. मग त्यानं मडगार्डाची आतली कड वाकवायची ठरवली. टायर आणि पत्रा यांच्यात लाकडी दांडकं धरून अंबादासला गाडी हळूहळू पुढं-मागं घ्यायला लावली. कड आत दुमडत गेली आणि हिरव्या रंगाला एक टवकासुद्धा उडाला नाही. वर अंगठाभर जागा मिळाली. आता ती पुरते का, एवढंच बघायचं होतं, आणि त्यासाठी गूळ आला होता.

तीन रवे घेऊन दोघांनी उद्यमनगरातले सगळे खड्डे पालथे घातले. चाक कुठंही घासलं नाही. छाती काढलेली चाकं तशीच राहिली आणि आवाज गेला.

“झालं की!” अंबादासनं स्टिअरिंगवर हात मारला.

“गुळाचं झालं,” दस्तगीर म्हणाला. “अक्कांचं मला म्हाईत न्हाय.”

रवे बाजारात परत गेले, पण गूळ तो गूळच. दोन दिवसांनी सकाळी सरोजिनी शाळेला निघताना वह्यांचा गठ्ठा मागच्या सीटवर ठेवायला गेली आणि किंचाळलीच.

“अहो, मुंग्या! हे काय वारूळ झालंय सीटवर! काय सांडलंय इथं?”

“काय न्हाय. गूळ ठेवलावता.”

“गूळ? आपल्या घरात दोन महिने पुरेल एवढा गूळ आहे!”

अंबादासनं इकडं-तिकडं बघितलं आणि आवाज खाली घेऊन तिला सगळं सांगितलं. रवे कशासाठी, किती, कुठल्या बाजूला. सरोजिनीनं आधी कपाळावर हात मारला आणि मग तिला हसू आवरेना. पण मंगळवार पेठेतल्या घरांना कान असतात. उंबऱ्याच्या आत अक्का तांदूळ निवडत बसली होती. सुपाचा आवाज मध्येच थांबला आणि थोड्या वेळानं परत सुरू झाला. अंबादासच्या ते लक्षातही आलं नाही.

दुसऱ्या दिवशी कारखान्यातली पाळी संपवून तो चाकांतली हवा बघायला म्हणून दस्तगीरच्या शेडवर गेला. बघतो तर लोखंडी स्टुलावर अक्का बसलेली! हातात चहाचा ग्लास, समोर दस्तगीर अपराध्यासारखा उभा. रिक्षा करून आली होती.

“तीन रवे?” अक्का म्हणाली.

अंबादासनं दस्तगीरकडं बघितलं, दस्तगीरनं छपराकडं.

“मला काय उपाशी ठेवलंयस व्हय रं घरात? चांगली चार रव्यांची हाय मी, वर पायलीभर ज्वारी धर. उसाच्या गाडीचं वजन बिनचूक सांगतोस, आणि माझ्या वजनात काटा मारतोस?”

“तसं न्हाय अक्का. तुला नजर—”

“कसली नजर? इतकी वर्सं कष्ट केल्यात, खाल्लंय, पचवलंय. माझं वजन काय चोरीचं हाय? मला त्याची लाज न्हाय, मग तुला कशाला?” तिनं ग्लास खाली ठेवला. “उघड दार. गुळाला फिरवून आणलास न्हवं? आता मला फिरव.”

ती वर्षानं गाडीत बसली. डाव्या बाजूला पाटे कुरकुरले. दस्तगीर उकिडवा बसला, टायर आणि मडगार्डाच्या मधे बोट घालायला गेला तर बोट शिरेना. त्यानं अंबादासकडे बघितलं. आपण काय केलं हे अंबादासला तेव्हाच कळलं होतं. तरी त्यानं गाडी काढली. फाउंड्रीच्या कोपऱ्यावर पहिला खड्डा आला आणि चाक घर्र करून ओरडलं.

“उतरू?” अक्कानं विचारलं.

“नको. बस.”

त्यानं गाडी बंद केली. आरशात त्याला तिचा चेहरा दिसत होता. ती खिडकीबाहेर बघत होती.

“त्या दिवशी उतरायचं मला काय वाटलं न्हवतं,” ती म्हणाली. “मानसं हसली, हसू देत. ह्याच पायांनी वाडीला मी चालत गेलोय, मोरीचं काय एवढं? पण मी मोरी वलांडून पलीकडं हुबी ऱ्हायलो, आणि तू गाडी आणलीस, उतरलास, आणि चाकापाशी वाकलास. टायरवरनं हात फिरवालतास. मला वाटलं, आता वर बघशील, मग बघशील. तू बघितलंच न्हाईस रं. मग म्हटलं, ह्यात माझी जागा न्हाय.”

वर्षभर अंबादास चाक घासलं म्हणून अपराधी होता. खरी चूक भलतीकडंच होती आणि ती त्याच्या गावीही नव्हती. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की मागं वळून बघवेना.

“चुकलो अक्का,” तो कसाबसा म्हणाला.

“चुकलास तर चुकलास. आता शेडवर घे गाडी, माझ्या गुडघ्याला रग लागलीय.”

शेडवर दस्तगीरनं सरळच सांगितलं. कड वाकवून मिळायची होती तेवढी जागा मिळाली. आता रिमेची पट्टी काढायची, चाक दोन बोटं आत घ्यायचं आणि टायर बारीक घालायचं. मग चाक पत्र्याच्या आत वर जाईल, घासणार नाही. पण बाहेरून भरलेलं दिसणार नाही.

“म्हंजे छाती जाणार?” अक्कानं विचारलं.

“जाईल, अक्का.”

अंबादासनं चाकांकडे बघितलं. ती चाकं त्यानं रोज सकाळी पुसली होती. “आत घे,” तो म्हणाला. “चारी बी.”

“आणि गाडी वर करायची न्हाय हं,” अक्का दस्तगीरला म्हणाली. “बसकी ती बसकीच पायजे. आणि छाती जात्याय तर रिमांना चांदीचा रंग मार, चकाचक. कुणी बघायला नको व्हय आमच्याकडं?”

दस्तगीर खो खो हसला. “मारतो की! पण एक सांगतो, अक्का, तुमी आणि हे नवरा-बायको, एवढ्याला हे माप चोख हाय. त्याच्यावर गाडीत गोतावळा भरू नका.”

दत्तजयंतीच्या सकाळी बसकी मंगळवार पेठेतून निघाली. चाकं आत गेलेली, पण रिमा अशा चमकत होत्या की दुकानदार फळ्या काढता काढता थांबले. पुढं अंबादास आणि सरोजिनी, मागं डाव्या खिडकीशी अक्का. जरीकाठी लुगडं, काच खाली, कोपर बाहेर. “निघालाईसा व्हय अक्का?” “व्हय की, गाडीनं!” पेठ संपेपर्यंत हेच. हातकणंगल्यापर्यंतच्या सगळ्या खड्ड्यांत चाक एकदाही बोललं नाही. अंबादासची छाती मात्र चाकांच्या वाट्याचीसुद्धा फुगली होती.

जयसिंगपूरच्या स्टँडपाशी अक्का ओरडली, “थांब, थांब! बयाबाई हाय ती!”

बयाबाई म्हणजे पेठेतली जुनी शेजारीण, आता मुलाकडं जयसिंगपुरात राहायला गेलेली. शेजारी तिची जाऊ चिमणाबाई, दोघींच्या मधे नारळांची टोपली. एसटीला ही गर्दी.

“या की गं! माझ्या भावाची गाडी हाय, मस्त जागा हाय!” अक्कानं आतून दार उघडलंसुद्धा.

अंबादासनं दोघींकडं बघितलं. तसं करायचं त्याच्या मनात नव्हतं, पण काट्यावरची नजर ती, आपोआप बेरीज करून मोकळी झाली. टोपलीसकट. दस्तगीरचं माप केव्हाच ओलांडलं होतं. सरोजिनीनं हळूच त्याच्या हाताला हात लावला. अक्काचा चेहरा आरशात दिसत होता. वर्षभरात तिला एवढी खुशीत त्यानं पाहिलं नव्हतं.

“बसा मावशी, टोपली पायाशी घ्या,” तो म्हणाला.

गाडी मागं बसली. शिरोळ गेलं, गेल्या वर्षीची मोरी दुरुस्त झालेली होती. पण वाडीच्या अलीकडं यात्रेच्या गाड्यांनी रस्ता पार उखडून टाकलेला. पहिल्याच खड्ड्यात डावं चाक ओरडलं. घर्र.

“काय वाजलं गं?” बयाबाई दचकली.

अक्काचं तोंड उतरलं. तिचा हात दाराच्या मुठीकडं गेला. आरशात अंबादासला तो दिसला.

“बस अक्का,” तो म्हणाला. “कुणीबी उतरायचं न्हाय.”

“अरं, पण टायर—”

“बस म्हणतो न्हवं.”

पुढचा सगळा रस्ता चाक घासत राहिलं. जळक्या रबराचा वास आत आला. आजूबाजूनं चालणारी माणसं वळून बघत होती. एकदोघं हसलेही. अंबादास गाडी हळू, एका चालीनं नेत राहिला. एकेका घर्रबरोबर टायर किती गेलं याचा हिशेब त्याच्या डोक्यात चालू होता, खोटं कशाला सांगा. नवंकोरं टायर होतं ते. पण त्याचा पाय ब्रेकवर गेला नाही.

मागं अक्का सावरून बसली. तिनं मुठीवरचा हात काढला आणि कोपर परत खिडकीबाहेर टाकलं.

“नवी चाकं हायत,” ती बयाबाईला म्हणाली, सगळ्या रस्त्याला ऐकू जाईल अशा आवाजात. “मुद्दाम करून घेतल्यात. माझ्या वजनाची!”

“आता गं बया!” चिमणाबाई म्हणाली.

वाडीत गाड्या लावायच्या मैदानात अंबादास उतरला. बसकीभोवती तीनचार माणसं लगेच जमली. “काय पावणं, कुठं बनवली?” एकानं विचारलं. तो वळसा घालून मागच्या दाराशी आला, दार उघडलं आणि अक्कापुढं हात केला. ती उतरली आणि उतरल्या उतरल्या कमरेवर हात ठेवून चाकाकडं वाकली. टायरची कड सोलून निघाली होती, चांदीच्या रिमेवर काळी भुकटी उडाली होती.

“लई गेलंय रं,” ती हळू आवाजात म्हणाली. “बघ तरी.”

“बघतो मागनं. तू नीट हुबी ऱ्हा, खाली खडी हाय.”

तिनं त्याच्याकडं क्षणभर बघितलं. मग पदर सावरला आणि त्याच्या खांद्यावर हात टाकला. गुडघे गाडीत आखडले होते, त्यामुळं तिचा सगळा भार त्याच्यावर आला. अंबादासनं पाय घट्ट रोवले आणि तो भार घेऊन तो एकेक पाऊल टाकत देवळाच्या वाटेला लागला. समोरून येणारी माणसं बाजूला होऊन त्यांना वाट देत होती.